उमापूर ते पाली: मामांचे बैल आणि साहेबाचं इंग्रजी

रस्त्याची मोजणी करायला आलेल्या इंग्रज साहेबाला पालीच्या तळावर दुभाषी हवा आहे असं कळलं, आणि मी त्याच दिवशी निघायचं ठरवलं. पत्रलेखनाचं इंग्रजी पुस्तक मला तोंडपाठ होतं. अख्ख्या उमापुरात माझ्याएवढं इंग्रजी कुणाला येत होतं? गाडी आणि बैलजोडी मात्र मामांची मागून घेतली.

"जपून ने, लेका," मामांनी बजावलं. "रब्बीची पेरणी या बैलांवरच हाय."

तुम्हीही या वाटेने जाणार असाल तर पहाटेच निघा. गेवराईपर्यंतची काळी माती चाकं सोडत नाही. गेवराईच्या बाजारात थोडक्या पैशांत टोपलीभर सीताफळं मिळाली. सिंदफणा नदीच्या वाळूत बसून भाकरी-ठेच्यावर तीच खाल्ली. मुक्काम बीडच्या सराईत केला. तिथे कडबा मिळतो, पण स्वतः उभं राहून घ्यावा, नाहीतर गवतच जास्त येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाली गाठली. साहेबाने एक पत्र लिहायला लावलं. मी ते लिहिलं आणि शेवटी 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' अशी झोकात सही ठोकली. साहेब वाचून म्हणाला, "नॉट हाफ बॅड."

माझं तोंडच उतरलं. म्हणजे अर्धं तरी वाईटच की! बाहेर येऊन चुलीपाशी बसलेल्या खानसामा रहीमभाईंना हे सांगितलं, तर ते खो खो हसायला लागले. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"अहो मुन्शीजी, साहेब लई खूश हाय! माझ्या कोंबडीलाबी असंच म्हनतो, अन् दोनदा वाढून घेतो."

माझ्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं.

तेवढ्यात साहेब बाहेर आला आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवत त्यांची तारीफ करू लागला. आपल्या मुलखात अशा वेळी जे म्हणतात, तेच मी इंग्रजीत म्हणालो, "तुमचेच आहेत, साहेब."

साहेबाने माझा हात धरून जोरजोरात हलवला, मनापासून आभार मानले आणि शिपायाला हुकूम सोडला. शिपायाने बैल तंबूमागे नेऊन बांधलेसुद्धा!

 शब्द मागे घ्यावा तर बेअदबी, नोकरी गेलीच. न घ्यावा तर मामांना तोंड कसं दाखवू?

"किताबातलं बोलू नगा," रहीमभाई म्हणाले. "मला सांगता तसं सांगा."

आत गेलो आणि साध्या, मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं, "साहेब, आमच्याकडे असं म्हणायची रीत आहे. घेत कुणी नाही. बैल मामांचे आहेत, पेरणी तोंडावर आली आहे."

 साहेबाने माझं पत्र उचललं, त्या आज्ञाधारक सेवकावर बोट ठेवलं आणि हसत सुटला. "हेही आम्ही सगळे लिहितो. खरं कुणी धरत नाही." शिपायाला बैल परत आणायला सांगितलं आणि सोमवारपासून कामावर ये, असंही म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी आनंदाने गात होतो. पुस्तक आजही जवळ आहे, पण खरं इंग्रजी मला रहीमभाईंच्या चुलीपाशी सापडलं, हे कबूल करतो.

मामांच्या घरी पोचलो तेव्हा त्यांनी आधी बैलांचे खूर पाहिले, मग सगळी हकीकत ऐकली. छाती फुगवून म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! जा, ही जोडी आता तुझीच हाय."

मी मान डोलावली, बैल त्यांच्याच दावणीला बांधले आणि चालत माझ्या घरी गेलो.