गिरजाबाईंनी तक्ता कोराच आणला

पंधरा दिवसांनी गिरजाबाईंनी माझा तक्ता पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. त्यावर एकही रेघ नव्हती. मला रागच आला.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. हिंगोलीतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या दवाखान्यात मी आठवड्यातून एकदा समुपदेशनाला बसायचे. गिरजाबाई कनेरगाव नाक्याकडच्या, पन्नाशीच्या. पाळी जाताना अंगातून एकदम गरम लाट उठते, घाम फुटतो, त्याला हॉट फ्लश म्हणतात. त्यांना तो त्रास होता. बाकी तपासण्या ठीक होत्या.

घरच्या शेळ्या बाजारात विकायचं काम त्यांचं. एकदा भर बाजारात लाट आली, चेहरा लाल झाला, हात थरथरले. देवी अंगात आली समजून एका बाईनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. तेव्हापासून त्यांनी बाजार सोडला. आई जात नसेल तर कळपच विकून टाकू, असं थोरल्या मुलानं ठरवलं होतं. तो कळप गिरजाबाईंनी लग्नापासून लेकरांसारखा सांभाळला होता.

माझी पद्धत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलून त्रास हलका करायची. लाट शरीराची असते, पण त्या वेळी मनात येणारा विचार तिला वाढवतो. तो विचार पकडायचा, तपासायचा आणि पळून न जाता संथ श्वास घेत थांबायचं. लाट कधी येते ते कळावं म्हणून मी रेघा मारायचा तक्ता दिला होता. लिहिता न येणाऱ्या बाईलाही जमेल, अशी माझी हुशारी.

"रेघा का नाही मारल्या?"

"आमी मोजत न्हाई, बाई. शेळ्या बी मोजत न्हाई. एकेक वळखतो. कोणती आली न्हाई ते बराबर कळतं."

मी तक्ता बाजूला सारला आणि म्हटलं, मग लाटा ओळखून सांगा. त्यांनी पंधरा दिवसांतली एकेक लाट सांगितली. चुलीपुढची आली तेव्हा पदरानं घाम पुसून भाकरी थापली. रानातली सावलीत बसल्यावर गेली. दुकानातली मात्र जाता जाईना, सामान तिथंच टाकून त्या घरी पळाल्या. चुलीपुढं आग होती, तरी दुकानातली लाट मोठी. मी विचारलं, तिथं मनात काय आलं?

"आता हे पाया पडतील, कौल मागतील. मला काय सांगता येतंय?"

मला हसू येणार होतं. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि मला माझीच लाज वाटली.

मग आम्ही तालीम केली. आधी दवाखान्याच्या गजबजलेल्या बाकावर बसायचं, मग दुकानात थांबायचं, शेवटी बाजार. कुणी विचारलं तर काय बोलायचं तेही ठरवलं. दीड महिन्यानं त्या शेळी घेऊन बाजारात गेल्या आणि पुढच्या भेटीला आल्या.

"लाट आली?"

"दोनदा आली."

माझा चेहरा पडला.

"पण दोर सोडला न्हाई. घेणारा म्हणला, मावशी, काय होऊन राहिलं? म्हणलं, माझ्या उमरीची गरमी हाय. तू शेळीचे दात पाह."

थोरल्यानं पुन्हा कळप विकायचा विषय काढला नाही. केसपेपर भरताना डॉक्टरांनी विचारलं, लाटा किती कमी झाल्या?

"मोजल्या नाहीत," मी म्हटलं. "कळप घरीच आहे."