भाकरीच्या वेळची मोजणी

आदरणीय वामनराव खोब्रागडे साहेबांची आणि माझी ओळख एका यादीमुळे झाली. मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत आरोग्य विभागाची लिपिक होते आणि साहेब पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. एके सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले, पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, ह्या अकरा बायका. कापूस वेचाले जाताना कुत्रं चावलं. हद्द कोणाची, तेवढं सांगा."

मी ऑफिसच्या सवयीने उत्तर दिले, "नाल्याच्या अलीकडे झालं असेल तर आमची, पलीकडे असेल तर मोहखेडी ग्रामपंचायतीची."

"बाईले अलीकडं चावलं अन् कुत्रं पलीकडं पळालं. आता?"

साहेब शांतपणे खुर्ची ओढून बसले. पुढे तीन वर्षे ती खुर्ची त्यांचीच झाली.

त्या वर्षांची आपल्या जिल्ह्याला आठवण करून द्यायला नको. कापसाचा भाव पडला होता, आणि त्याबरोबर माणसांचे मनही. बैल विकले जात होते, उरलेली जनावरे चाऱ्यावाचून मरत होती आणि नाल्याकाठी टाकली जात होती. त्यावर पोसलेली कुत्री पहाटेच्या रस्त्यावर टोळीने उभी राहत. वेचणीला जाणाऱ्या बायकांना दुसरा रस्ता नव्हता. त्यात एक कुत्रे पिसाळलेले निघाले आणि भीतीला अंत राहिला नाही.

आणि आम्ही काय करत होतो? नगरपरिषदेची माणसे कुत्री पकडून टेम्पोने नाल्यापलीकडे सोडत. मोहखेडी आणि बोरटाकळीची माणसे बाजाराच्या दिवशी तीच कुत्री गाडीत घालून आमच्या शहरात आणून सोडत. साहेब म्हणायचे, "आपल्या कुत्र्यायनं तर फुकटात तालुका पाहून घेतला."

लस टोचावी, नसबंदी करावी आणि त्याचा खर्च नगरपरिषदेने व दोन्ही ग्रामपंचायतींनी वाटून घ्यावा, ही कल्पना साहेबांची. त्यांच्या खात्याने ते काम त्यांच्यावर सोपवलेले नव्हते. नगरपरिषदेच्या सभागृहात पहिली बैठक झाली तेव्हा मोहखेडीच्या सरपंच कौशल्याबाई राठोड पदर खोचूनच आल्या होत्या. त्या अकरा बायकांत त्यांची सून होती.

"आमच्या पंचायतीत दिव्याचं बिल भराले पैसे नाहीत. तुमच्या शहरातल्या कुत्र्यायले आम्ही काहून सुया टोचाच्या?"

"कुत्री तुमच्याकडून येतात, बाई," आमचे अध्यक्ष म्हणाले.

"त्यायच्या कपाळावर लिवलं आहे काय मोहखेडी म्हणून?"

हशा झाला. तेवढ्यात साहेब उठले. "कुत्रं जलमलं कुठं, हे भगवंतालेही सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण भाकर कुठं खाते, हे सांगता येते. ज्या गावची भाकर, त्या गावचं कुत्रं. तीन दिवस भाकरीच्या वेळी मोजा. ज्याचा जेवढा आकडा, तेवढा त्याचा वाटा. नगद नसन तर माणसं द्या, दोर द्या, जागा द्या."

सगळे लगेच कबूल झाले. कारण कुत्री दुसऱ्याच्याच दारात जेवतात, याबद्दल प्रत्येकाची खात्री होती.

शहराच्या मोजणीत मी साहेबांबरोबर होते. दिवे लागायच्या वेळी आम्ही वॉर्डावॉर्डांतून फिरलो. साहेबांच्या हातात खडू असे, माझ्या हातात वही. कुत्रे दिसले की त्या घराच्या पायरीवर ते एक रेघ ओढत. एक म्हाताऱ्या आजी ओट्यावर बसल्या होत्या.

"आमच्याइथं कुत्रं नाही जी."

त्यांच्या पायाशी एक पिवळे कुत्रे शेपटी हलवत होते. साहेबांनी विचारले, "मग हे कोण, माय?"

"हे? हे येते अन् बसते."

"खाते?"

"खाते."

"रोज?"

"आता आलं तर द्या लागते ना बापा! आपण खाव अन् त्यानं पाहाव?"

साहेबांनी रेघ ओढली. पुढच्या गल्लीत ते म्हणाले, "पाहिलं मॅडम? घरात दाळ नाही, पण कुत्र्याची भाकर बंद नाही झाली. फक्त कागदावर कबूल होत नाही." त्या तीन दिवसांत अशा कितीतरी पायऱ्यांवर रेघा उमटल्या. कुठेही चहा आला की साहेब आधी आमच्याबरोबर आलेल्या टेम्पोवरच्या, कुत्री पकडणाऱ्या माणसांना द्यायला लावत, त्याच कपांत, त्याच ओट्यावर. एका घरी कप पुरले नाहीत, तेव्हा ते "मले नंतर" म्हणून पायरीवर थांबले. त्या घरात पुन्हा कधी कप कमी पडले नाहीत.

आता जे लिहायचे आहे, ते मी या गौरवग्रंथाचे निमंत्रण आले तेव्हाच ठरवले होते. शहराचा आकडा मोठा निघाला. ऑफिसातल्या वरिष्ठांनी मला बोलावून सांगितले, "आकडा जरा आवरा. सभेत बोंब होईल." मी आवरला. यवतमाळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आमच्या बोटांवर पट्टी मारून जे अक्षर घडवले होते, त्याच वळणदार अक्षरात मी खोटा आकडा लिहिला आणि साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. त्या आकड्यांच्या बेरजेनुसार लस मागवायची होती, हे मला कळत होते. थोडेफार कमीजास्त चालेल, असे मी मनाला समजावले.

शिबिर बोरटाकळीच्या बंद पडलेल्या कापूस खरेदी केंद्राच्या शेडमध्ये ठेवले होते. जागा हा बोरटाकळीचा वाटा. आधी शहराची कुत्री, मग बोरटाकळीची, शेवटी मोहखेडीची, असा क्रम होता. मोहखेडीची माणसे सकाळपासून सुतळीने, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी कुत्री बांधून निंबाखाली बसली होती. आणि त्यांचा नंबर येता येता लस संपली.

कौशल्याबाई उठल्या. "म्हणजे आमच्या वाटच्या सुया शहरानं खाल्ल्या! चार दिवसांनी वेचणी लागते, साहेब. माझी सून घराबाहेर पाय ठेवत नाही. तुमचं जमत नसन तर सांगा, मग आमचा इलाज आम्ही करतो."

तो इलाज सगळ्यांना माहीत होता. भाकरीत विष. साहेबांचा चेहरा तेवढ्या एका क्षणी मी पडलेला पाहिला. ते मला शेडच्या मागे घेऊन गेले.

"मॅडम, बेरीज चुकली की चुकवली?"

मी रडू लागले. ते रागावतील असे वाटले; रागावले असते तर सोपे गेले असते. ते एवढेच म्हणाले, "मग सांगून टाका. मी बाजूले उभा राहतो."

ते खरोखर बाजूला उभे राहिले. मी सगळ्यांसमोर सांगितले की शहराचा आकडा मी कमी लिहिला. माझी नोकरी, माझे नाव, सगळे पणाला लागले होते. मग कौशल्याबाईंनी आपल्या बांधलेल्या कुत्र्यांकडे पाहिले, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "आमचेही काही कमीच लिवले होते जी. मोजाच्या वेळी मीच सांगतलं होतं, कुत्रे घरात कोंडा म्हणून."

बोरटाकळीचे सरपंच खोकले. "आमचे शेतात पाठवले होते."

प्रथम साहेब हसले. मग सगळी शेड हसली. तशी हसलेली माणसे मी त्या वर्षांत फार पाहिली नव्हती.

तिथेच निंबाखाली तिन्ही आकडे प्रत्येकाने आपल्या हाताने दुरुस्त केले. साहेब दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने यवतमाळला गेले आणि लसींची बर्फाची पेटी मांडीवर घेऊन दुपारी परतले. मोहखेडीची माणसे पुन्हा कुत्री घेऊन आली होती. शेवटच्या कुत्र्यालाही सुई मिळाली. विषाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

माझ्या ऑफिसात साहेब माझ्याबरोबर आले. मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले, "मॅडमनं चूक लपवली नाही, दुरुस्त केली. वाटा आता बरोबर आहे." माझ्यावर कारवाई झाली नाही. त्या दिवशी घरी जाताना किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला, ते मलाच ठाऊक. पुढच्या वर्षापासून त्यांनी एक नियम घालून दिला: शहराची कुत्री मोहखेडीने मोजायची, मोहखेडीची बोरटाकळीने आणि बोरटाकळीची शहराने. स्वतःचा आकडा स्वतः लिहायचा नाही. साहेब निवृत्त झाले, सरपंच बदलले, मीही निवृत्त झाले. नियम चालू आहे.

शिबिराच्या वर्षीची वेचणी संपली तेव्हा साहेब पुन्हा माझ्या टेबलापाशी आले. पिशवीतून तसाच कागद काढला. वर फक्त त्या रस्त्याचे नाव आणि हंगाम लिहिला होता. खाली चावलेल्यांच्या नावांची जागा रिकामी होती.

"साहेब, हा तर कोरा आहे."

"म्हणूनच सही पाहिजे, मॅडम."

मी त्यावर केलेली सही माझ्या नोकरीतली सर्वांत आनंदाची. कौशल्याबाईंच्या सूनबाई त्या हंगामात शेवटपर्यंत वेचणीला गेल्या होत्या.

साहेब आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. रविवारी विहारात मुलांना गणित शिकवतात. मला ते योग्यच वाटते. परवा या लेखासाठी भेटायला गेले तेव्हा दिवे लागत होते. ओट्यावर ते बसलेले, हातात भाकर, समोर तीन कुत्री.

"तुमच्या घरची किती लिहू, साहेब?" मी विचारले.

"माही मोजणी मोहखेडीवाले करतात," ते म्हणाले. "तुम्ही नका लिहू."

मीही लिहिले नाही. आपणा सर्वांच्या वतीने एवढीच इच्छा व्यक्त करते, की अजून खूप वर्षे मोहखेडीची माणसे खडू घेऊन भाकरीच्या वेळी त्या गल्लीत यावीत, साहेब ठणठणीत तब्येतीने ओट्यावर असावेत, आणि त्यांच्या पायरीवर दरवर्षी पूर्ण, खऱ्या रेघा उमटाव्यात.