डावी पाकळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलाला नाही, गोव्याच्या त्या डॉक्टरीणबाईंनाही नाही — आणि त्यांना मी काय काय सांगितलंय ते ऐकशील तर तोंडात बोटं घालशील. नवऱ्याच्या बाराव्याला मला सारखं हसू येत होतं, हेसुद्धा सांगून टाकलं. पण हे नाही.

तुला का सांगतेय? माहीत नाही बाई. बस जरा. आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी विषय बदलेन. त्या कामात माझा हात कुणी धरणार नाही.

तू मला स्टेजवर बघितलं असशील. कुडाळला, कणकवलीला, बचत गटांच्या मेळाव्यात. 'काजू उद्योगातली वाघीण' म्हणून बॅनर लावतात, वर माझा दहा वर्षांपूर्वीचा फोटो. नवरा गेला, कारखाना बुडायला आला, बाई उभी राहिली, चाळीस बायकांच्या हाताला काम दिलं — हे सगळं निवेदकच सांगतो. मग मी उठते. हल्ली माझा विषय ठरलेला असतो. मन. बायकांनो, पाय मोडला तर लपवता का? मग मन मोडलं तर का लपवता? मीही गोळ्या घेतल्या, मीही डॉक्टरकडे गेले, मी लाजले नाही. इथे टाळ्या. नंतर एखादी बाई स्टेजमागे येते, माझा हात घट्ट धरून रडते. चांगलं वाटतं गं. खोटं कशाला बोलू? खूप चांगलं वाटतं.

त्यातलं 'मी लाजले नाही' हे खोटं आहे. — बघ, इथेच थांबावंसं वाटतंय. एवढीच कबुली असती तर?

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. गाडी चालवताना माझे हात स्टिअरिंगवर आखडायचे, छातीत कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं व्हायचं. एकदा कुणकेश्वरच्या उतारावर गाडी बाजूला घेऊन तासभर बसून राहिले. समोर समुद्र, आणि मला तो बघवेना. तेव्हा गोव्यातल्या त्या डॉक्टरांचं नाव शोधलं. दर तीन आठवड्यांनी जायचे. कारखान्यात सांगायचे, मशीनचे पार्ट आणायला चालले. परत येताना खरंच म्हापशातून एखादा पट्टा, दोन बेअरिंग घेऊन यायचे, दाखवायला. एवढी बेअरिंग जमली की अजून संपली नाहीत.

का लपवलं? माझा दीर टपून बसला होता. 'वयनीचा डोक्या ठिकाणार नाय' एवढं गावात फिरलं असतं, तर कारखान्याच्या चाव्या त्याच्या हातात गेल्या असत्या. हे खरं आहे. पण ते इथेच ठेव, पुढे त्याचा आधार घेऊ देऊ नकोस मला.

वैजू माझ्याकडे पहिल्या दिवसापासून. आमच्याच वाडीतली, मला वयनी म्हणायची. नवरा ट्रॉलरवर, घरात सासू आणि दहा वर्षांची मुलगी, मानसी. वैजू काजूचे गर निवडायला बसायची — अख्खा एका ट्रेमध्ये, तुकडा दुसऱ्यात. तिचा हात असा चालायचा की बाकीच्या बायका आपलं काम सोडून बघत बसायच्या आणि मी ओरडायचे. बोलायची तर इतकी, की मी तिला रेडिओ म्हणायचे. माहेर दोडामार्गच्या पलीकडे, आई केळीच्या बागेत मजुरी करायची. दर महिन्याला एक रात्र माहेरी राहून यायची आणि केळ्यांचा घड आणून सगळ्यांना वाटायची.

मग एका मे महिन्यात तिच्या तुकड्याच्या ट्रेमध्ये अख्खे गर दिसायला लागले. आधी चार-पाच, मग मूठभर, मग सगळेच. मी चिडले. काय गो, डोळे खंय आसत तुझे? ती ट्रेमध्ये हात घालून तशीच बसली. म्हणाली, "वयनी, माका अख्खो गर दिसणाच नाय. सगळ्यांका चीर दिसता."

मी ओळखलं. झोप नाही, जेवण नाही, पोरीवर खेकसायचं आणि मग रडायचं, आंघोळीला पाणी घेतलं तर तासभर त्याच्याकडे बघत बसायचं — हे सगळं तिच्या सासूने मला सांगायच्या आधीच मला पाठ होतं. अख्ख्या गावात ते ओळखणारी एकटी मी होते.

आठवड्याभराने ती पॅकिंगच्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. बिया फोडून सालीच्या तेलाने काळा पडलेला तळहात माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "वयनी, तुमी घेतास ती गोळी माका एक द्या."

मी म्हटलं, ती पित्ताची गोळी गो.

"माका म्हायत आसा कसली ती," ती म्हणाली. "मी कोणाक सांगूचंय नाय."

दुसऱ्याची गोळी कुणी कुणाला देऊ नये, ते ठीक. पण डॉक्टरचं नाव? चल गो माझ्याबरोबर गाडीत बसून, एवढं म्हणायला काय झालं होतं? मला तिची दया आली नाही. मला तिची भीती वाटली. हिला माहीत आहे! कधी बघितलं हिने? आणखी कुणाला सांगितलं असेल? आणि मी काय केलं माहितेय — शेजारच्या ट्रेमधला एक काजू उचलून तिच्या हातावर ठेवला. म्हटलं, खा, अंगात ताकद येतली. वर हसले.

तरी हे नाही. मला सांगायचंय ते याच्या पुढचं. येतेय, येतेय.

सरकारी दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. मग सासूने ठरवलं, देवाला कौल लावायचा. तुला माहीत असेल, तरी सांगते. देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघतात. उजवी पडली तर हे, डावी पडली तर ते. देव तेवढंच बोलतो. काय विचारायचं ते मात्र माणसांनी ठरवायचं.

वैजूचा नवरा मुलखाचा अबोल. सासूने मला बोलावून घेतलं, तू शिकलेली, तुला बोलता येतं. मी गेले. इस्त्रीची साडी नेसून गेले. दुपारची वेळ होती, देवळात गारवा होता. वैजू खांबाला टेकून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

आमच्याकडे दुखण्याचा कौल असला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुखणं डॉक्टरी की बाहेरचं? गुरवबुवा म्हातारे, रीत सोडणारे नव्हेत. त्यांनी विचारलं, "आधी डॉक्टरी काय ता विचारूया मा?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वैजूसुद्धा.

— आणि मी म्हटलं, "डॉक्टर करून झालो. रिपोर्ट साफ आसत. ता विचारूची गरज नाय."

हेच ते. ऐकलंस? उजवी पडली असती तर डॉक्टर शोधायला निघाले असते. कुठला, कुणाला माहीत आहे, वयनी गोव्याला जातात ना — आणि वैजू तोंड उघडायला तिथेच बसलेली. म्हणून मी तो प्रश्नच काढून टाकला. मग काय विचारूया, बुवा म्हणाले. तेही मीच सांगितलं. सभेत ठराव मांडावा तशा शांत आवाजात. बाधा सासरकडून आहे तर उजवी दे, माहेरकडून आहे तर डावी दे. कुठलीही पडली तरी डॉक्टरचं नाव निघणार नव्हतं. सासू समोर उभी असताना याहून सोयीचा प्रश्न कुणाला सुचला असता?

बुवांनी गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक जा काय झाला हा ता खंयच्या बाजूचा, ता आज दाखवून दी. होय म्हाराजा, सगळे म्हणाले. मीही म्हटलं. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पाकळी पडायला बराच वेळ लागला. कुणी हललं नाही. मग डावी सुटली, खाली आली. सासूने हात जोडले. वैजू पाकळीकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडेच बघत होती.

लोक म्हणतील, देव खोटं बोलला. मी नाही म्हणू देणार. त्याला खरं बोलायला मी जागा ठेवली होती का?

तर माहेर बंद झालं. तिथलं पाणी नको, तिथलं माणूस नको. जिथे महिन्यातून एक रात्र ती झोपायची, तेवढीच जागा गेली. तिची आई केळी घेऊन एसटीने आली, तिला दारापुढच्या खळ्यातूनच परत पाठवलं. लेकीचं तोंड बघू दिलं नाही. घड पाणंदीच्या कडेला टाकून दिला, तो तिथेच कुजला. मी कारखान्यात जाता-येता तो बघत होते. पावसाळा सरता सरता वैजूचं बोलणं कमी झालं, दिवाळीपर्यंत बंद. एकदम बंद. त्यानंतर तिने एक शब्द उच्चारलेला नाही. पुढच्या वर्षी तिची आई गेली, तिकडेही नेलं नाही.

मी बरी झाले. गोळ्या लागू पडल्या, दीर कंटाळला, कारखान्याला दुसरी शेड आली. सगळं नीट मार्गी लागल्यावर, कुणी हिसकावून घेणार नाही याची खात्री झाल्यावर, मी स्टेजवर जाऊन 'मी लाजले नाही' असं सांगायला सुरुवात केली. गाव म्हणालं, काय धीराची बाई!

तुला वाटलं असेल, संपलं. मलाही वाटलं होतं, इथवर सांगितलं की संपेल.

मानसी आता एकोणीस वर्षांची आहे. माझ्याच ऑफिसात बसते, मीच ठेवून घेतलं. मला काकी म्हणते. मागच्या महिन्यात कुडाळच्या कार्यक्रमाला मी तिला बरोबर नेलं होतं. येताना गाडीत, पिंगुळी गाव मागे पडल्यावर म्हणाली, "काकी, आयेक तुमच्या डॉक्टरांकडे न्हेवया? इतक्या वर्सांनी काय होईत तर होईत. आजी आता काय बोलूची नाय."

मी म्हटलं, त्यांनी दवाखाना बंद केला गो. परदेशी गेल्या मुलाकडे.

पुढच्या गुरुवारी माझी त्यांच्याकडे वेळ होती. मी जाऊन आले.

का? आता तर दिराची भीती नाही, चाव्यांची नाही. गोळ्या तर मी माइकवरून सांगते. मग का? — वैजू बरी झाली तर बोलेल, म्हणून. एवढंच. नऊ वर्षांनी तिला वाचा फुटली तर पहिलं वाक्य काय असेल ते मला ठाऊक आहे, आणि ते ती मानसीसमोर बोलेल. तेव्हा मी घाबरून गप्प राहिले असं म्हणता येईल. आज मी घाबरलेली नाही. आज मी एका बाईला मुकी ठेवते आहे, कारण ती मुकी असलेली मला परवडते.

दर वर्षी गणेश चतुर्थीला मी तिच्याकडे जाते. अख्ख्या काजूंचा डबा नेते, वरचा ग्रेड. ती मागच्या पडवीत बसलेली असते. केस पांढरे झाले. मला बघितलं की ती उजवा हात पुढे करते, तळहात वर. तेल कधीच उतरलंय, हात आता पांढराफटक आहे. सासू म्हणते, "बघ कशी, तुका बरोबर वळाखता. प्रसाद मागता." मानसीही हसते. मग सगळ्यांच्या देखत मी डबा उघडते आणि एक काजू तिच्या हातावर ठेवते.

ती तो खात नाही. टाकतही नाही. मी उठून जाईपर्यंत हात तसाच पुढे धरून बसते.

मानसीला डॉक्टरांचा पत्ता देणार आहे, असं तुला सांगावं म्हणून मघापासून वाक्य जुळवतेय. छान जुळलंही. पण स्टेजवर मी अशीच वाक्यं बोलते, म्हणून ते बोलत नाही.

चतुर्थी पुढच्या आठवड्यात आहे. डबा भरून ठेवलाय.