दोनशे बारा नंबरचा वाचक

सुनेनं मोबाइलवर एक चित्र पाठवलं. चोवीस चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक फर्मान. पिवळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक वाचा. एका बैठकीत संपणारं वाचा. समुद्राकाठी घडणारं वाचा. दुसऱ्या भाषेतून आलेलं वाचा. वर्षभरात सगळ्या चौकटींवर फुल्या पडल्या पाहिजेत. तिच्या ऑफिसातली माणसं असलं काहीतरी करतात म्हणे. खाली तिनं लिहिलं होतं, 'बाबा, तुमचा वेळ जाईल.' माझा वेळ जात नाही ही बातमी पुण्यापर्यंत पोचली, याचा मला आधी राग आला. दोन दिवसांनी राग ओसरल्यावर मी ते चित्र कारखान्याच्या ऑफिसात छापून घेतलं आणि माझ्या केबिनच्या भिंतीला चिकटवलं.

केबिन म्हणजे वजनकाट्याची. मी आष्टीकडच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात काट्यावर कारकून होतो. उसाचं वाहन आलं की भरलेलं वजन, रिकामं झालं की रिकामं वजन, आणि हातात पावती. हंगामात जेवायला उठता येत नसे. पण त्या वर्षी ऊसच नव्हता. पाण्यावाचून कमरेएवढाच राहिलेला जो थोडा होता, तो चारा छावण्यांमधल्या जनावरांपुढे गेला. गाळप बंद राहिलं. तोडणीच्या टोळ्या दरवर्षीसारख्या घाटाखाली आणि कर्नाटकात निघून गेल्या. आम्ही कायम नोकरीतले, म्हणून हजेरीपटावर सही करायला रोज जायचं आणि संध्याकाळपर्यंत बसायचं, एवढंच काम उरलं होतं.

बायको पुण्याला मुलाकडे होती. नात झाली म्हणून दोन महिन्यांसाठी गेली होती. तेवढ्यात आमच्या कॉलनीची बोअर आटली, नळाला बारा-बारा दिवसांनी पाणी यायला लागलं, आणि मीच तिला म्हणालो, इथं येऊन हांडे वाहण्यापेक्षा तिथंच राहा. मी ते मोठेपणा म्हणून म्हणालो होतो. तिनं ते खरं धरलं. त्यानंतर 'कधी येतेस' असं विचारायला माझी जीभ रेटेना. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. टँकर आला का, गोळी घेतली का, नात आज पालथी पडली. तीन मिनिटांत बोलणं संपायचं आणि पुढचा रविवार येईपर्यंत घर गप्प असायचं.

गावात एक वाचनालय होतं. त्याचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पेपर वाचायला गर्दी आणि आतल्या खोलीत पुस्तकांची कपाटं, तिथं कुणीच नाही. मी जुना सभासद, नंबर एकेचाळीस. पण जुनी पुस्तकं माझी वाचून झाली होती, आणि वर्षाकाठी येणारे नव्या पुस्तकांचे गठ्ठे ग्रंथपालाशिवाय कुणी सोडत नव्हतं. सुनेच्या चौकटी घेऊन मी त्या नव्या गठ्ठ्यांना हात घातला.

पिवळ्या मुखपृष्ठाची एक कादंबरी सापडली. शहरातलं जोडपं, दोघं नोकरीला, आणि तीनशे पानं दोघं एकमेकांना काय हवंय ते सांगतच नाहीत. मला अशी चीड आली की मी केबिनमध्ये एकटाच त्यांना बोलायला लागलो. चार वाक्यांत मिटलं असतं, कशाला ताणताय?

दुसऱ्या भाषेतून आलेल्या पुस्तकात एक म्हातारा रोज सकाळी दारापुढचं बर्फ फावड्यानं ओढून बाजूला टाकत होता. अर्धं पुस्तक तेच. बर्फ म्हणजे पाणीच की! आमच्या कॉलनीत बाया दोन हांड्यांसाठी टँकरमागे पळत होत्या आणि हा गडी पाणी फावड्यानं फेकतोय. पण त्याचं एकटेपण मात्र मला जवळचं वाटलं. समुद्राकाठचं पुस्तक वाचताना पानागणिक तहान लागायची. निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मचरित्र निघालं, त्यात प्रत्येक बदलीच्या वेळी गाव रडत होतं. आमच्याकडे बदली झाल्यावर लोक आधी नवा साहेब कोण ते विचारतात. कवितांच्या पुस्तकात पानावर चार ओळी आणि बाकी कागद कोरा, ही उधळपट्टी बघून मी वैतागलो. तरी त्यातली एक कविता दोन दिवस डोक्यातून गेली नाही, हे कबूल करतो.

एक कादंबरी तर दुष्काळावरच होती. तिच्यातली सगळी माणसं सारखी आभाळाकडे बघायची. आमच्यात दुष्काळात आभाळाकडे कुणी बघत नाही. सगळे कडा गावाकडच्या रस्त्याकडे बघतात, टँकर तिकडून येतो.

हे सगळं मी कुणाला सांगणार? काट्याच्या कोऱ्या पावत्यांचे गठ्ठे पडून होते. त्यांच्या पाठीमागे लिहायला लागलो. पुस्तक कसं वाटलं ते, आणि ओघात आलं तर त्या दिवसाचंही थोडं. पहिल्या काही पावत्या पुस्तकात विसरूनच परत गेल्या. पुढे पिवळ्या कादंबरीतल्या त्या जोडप्याचं शेवटी काय झालं ते आठवेना, म्हणून मी ती पुन्हा काढली. पावती जागेवर नव्हती. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या देवघेवीच्या कागदावर माझ्या एकेचाळीसच्या खाली दुसरा नंबर होता, दोनशे बारा. मी परत केल्यावर चारच दिवसांनी.

मी बर्फवालं पुस्तक उघडलं. एकेचाळीस, खाली दोनशे बारा. समुद्राचं उघडलं. एकेचाळीस, दोनशे बारा. पावत्या एकातही नव्हत्या.

मला झालेला आनंद सांगितला तर लोक हसतील. गावात कुणीतरी माझ्या मागोमाग वाचत होतं, माझं लिहिलेलं काढून घेत होतं, आणि पुढचं पुस्तक मी कोणतं नेतो याची वाट बघत होतं. शाळेतला एखादा मास्तर असेल, दवाखान्यातली सिस्टर असेल, मुलं परगावी गेलेलं कुणी माझ्यासारखंच असेल. मी पेपरच्या टेबलाशी बसलेल्यांचे चेहरे चोरून बघायला लागलो. नाव विचारलं नाही. विचारलं की संपलं, असं वाटायचं. त्यानंतरच्या पावत्या मी अक्षर नीट काढून लिहिल्या. पुस्तकंही दोनशे बाराला आवडतील अशी निवडायला लागलो. तो हंगाम मी नाहीतर कसा काढला असता, मला माहीत नाही.

तेवीस चौकटींवर फुल्या पडल्या. एकच राहिली, 'कुणीतरी सुचवलेलं पुस्तक'. मला पुस्तक सुचवणारं कोण होतं? मी पावतीवर लिहिलं, 'आपण मला एखादं पुस्तक सुचवाल का? चिठ्ठी याच पुस्तकात ठेवली तरी चालेल.' आठवड्यानं जाऊन बघितलं. दोनशे बारानं पुस्तक नेऊन परत केलं होतं, माझी पावती नेली होती, उत्तर नव्हतं. तेच पुस्तक पुन्हा नेऊन दुसऱ्यांदा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना थोडी विनवणीच केली. तरी काही नाही. तेव्हा मात्र मला राहवलं नाही आणि मी ग्रंथपालाच्या टेबलाशी गेलो.

"दोनशे बारा नंबर कुणाचा हो?"

"कावून?"

"सहज आपलं."

तो हसायला लागला. "भाऊसाहेब, थट्टा करता का माझी? वहिनी हायत की."

त्यानं सभासदांचं रजिस्टर काढून माझ्यापुढे सरकवलं. दोनशे बारा, आणि पुढे माझ्या बायकोचं नाव, माझ्याच अक्षरात.

आमच्याकडची रीत ज्याला माहीत नाही त्याला हे खोटं वाटेल. इकडे कुठलीही संस्था काढायची म्हटली की सभासद कमी पडतात, आणि कमी पडले की प्रत्येक जण आपल्या बायकोचं नाव घालतो. माझी बायको दूध संस्थेची सभासद होती, पतसंस्थेची होती, एका ग्राहक भांडाराची तर संचालक होती. एकाही सभेला ती गेलेली नव्हती. कागद घरी यायचा, मी बोट ठेवीन तिथं ती सही करायची आणि पुन्हा भाकरी थापायला बसायची. काही वर्षांपूर्वी वाचनालयाचा सरकारी वर्ग घसरून अनुदान कमी होऊ नये म्हणून सभासद वाढवायचे होते, तेव्हा कॉलनीतल्या सगळ्या बायकांचे अर्ज मीच एका दुपारी बसून भरले होते. त्यातलाच हा एक. मी तो साफ विसरलो होतो.

"पण पुस्तकं?" मी म्हणालो. "ती तर इथं नाही. वर्ष झालं पुण्याला आहे."

"ते आमाला म्हाईत हाय की. पर सरकारी तपासणीला देवघेव दाखवावी लागती. तुमी पुस्तक आणून टाकलं की ते टेबलावरच आसतंय, मंग तेच वहिनींच्या नावावर चढवतो. एका घरातलं हाय, कुनी इचारलं तरी आडचण न्हाई." मग त्यानं खण उघडला आणि रबर लावलेला एक गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "आन् ह्या तुमच्या पावत्या. दर पुस्तकात इसरता तुमी. तपासणीत पुस्तकातून कागद निघालं तर बरं दिसत न्हाई, म्हणून काढून ठिवल्या."

"वाचल्या का?"

"आवो, दुसऱ्याचं कावून वाचू?"

त्याच्यावर ओरडायला माझ्याकडे तोंड नव्हतं. खोटे सभासद मी केले, त्यानं फक्त त्यांना पुस्तकं दिली. मी गठ्ठा खिशात घालून केबिनमध्ये आलो, दार लावलं आणि रडलो. इतके महिने मी ज्याच्याशी बोलत होतो, असं कुणी नव्हतंच. एवढं एकटं मला बोअर आटली तेव्हाही वाटलं नव्हतं.

रविवार नव्हता, बुधवार होता, दुपारचे तीन वाजले होते. तरी मी फोन लावला.

"काय झालं?" ती घाबरूनच बोलली. "बरं हाय ना?"

"बरं हाय. तुला एक सांगायचं होतं. तुझी तेवीस पुस्तकं वाचून झालीत."

मी तिला सगळं सांगितलं, दोनशे बारा नंबर, माझा समज, रजिस्टर, सगळंच. ती हसली. इतकं हसली की तिकडे नात दचकून रडायला लागली आणि तिला सुनेकडे द्यावं लागलं. मग म्हणाली, "आता मी वाचलीच हायत म्हणल्यावर सांगा तरी काय हुतं त्यात. उद्या तपासणीवाला इचारायला आला म्हंजी?"

मी रबर काढलं आणि वाचायला लागलो. पिवळ्या कादंबरीची पावती वाचली, समुद्राची वाचली, ती हसत होती. मग पुढची हातात आली. त्या पावतीवर पुस्तकाचं फक्त नाव वरच्या ओळीत होतं. बाकी सगळं असं होतं: 'आज दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही. संध्याकाळी पानाचा नंबर मोठ्यानं वाचून बघितला. आवाज घोगरा निघाला.' मी थांबलो.

"पुढची वाचा," ती म्हणाली.

'ही कादंबरी बरी आहे. मंडळींनी जाताना लोणच्याची बरणी भरून ठेवली होती. तळाला चार फोडी राहिल्यात. त्या खायच्या नाहीत असं ठरवलं आहे.'

"पुढची."

मी वाचत गेलो. अधूनमधून तिच्या बाजूनं काहीच आवाज येत नव्हता आणि मला वाटायचं फोन कट झाला. मी हॅलो म्हणालो की ती म्हणायची, "हाय मी, वाचा." सगळ्या पावत्या संपल्या.

"हे कुनाला लिवत हुता तुमी?" तिनं विचारलं.

"दोनशे बाराला."

"म्हंजी मला न्हाई." "दर आईतवारी मी फोन करत हुते. मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू तिकडं बरी होतीस. तुला कशाला—"

"कुनी सांगितलं बरी हुते म्हणून? तुमी 'राहा' म्हणलात, मी राहिले. मला वाटलं, मी न्हाई तर तुमाला बरं वाटतंय. निवांत पुस्तकं वाचता येत्यात."

"न्हाई गं," मी म्हणालो. मग वर्षभर जिभेवर अडलेलं विचारून टाकलं, "कधी येतेस?"