सांगून राहिले का इचारून?

शिरस्तेदार काकाजी ‘कसं काय’ म्हणायच्या आधी समोरच्याला एकच प्रश्न विचारत, “सांगून राहिले का इचारून राहिले?” सगळी नोकरी अमरावतीच्या कोर्टात गेलेली. चुकीच्या नमुन्यातला अर्ज परत करायची खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. तिवसा गावातल्या आणि तिथून अमरावती-अकोल्यात पांगलेल्या आम्हा लोकांनी ऑनलाइन मंच काढला आणि देखरेख त्यांच्याकडे दिली, तेव्हा त्यांना आयतंच कोर्ट मिळालं.

मंचावर लिहिताना आधी प्रकार निवडावा लागतो: प्रश्न, चर्चा, लेख की सूचना. एकाने मुलीच्या लग्नाचं आमंत्रण ‘प्रश्न’ म्हणून टाकलं. काकाजींनी त्याला फोन केला, “लगन करू का नको, हे लोकायले इचारून राहिला का बाप्पा?” मग स्वतःच ते सूचनांत हलवलं. माझी एक छान जमलेली आठवण त्यांनी न विचारता चर्चेतून उचलून लेखांत टाकली, तेव्हा मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग एका सकाळी माझे बाबा घरातून निघून गेले. तिवशाच्या शाळेत जन्मभर शिकवलेला माणूस, पण आता स्वतःचं घर विसरतो. आम्ही अमरावतीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, पोलिसांत कळवलं. दुपारी मी रडत रडतच मंचावर लिहिलं, सवयीने ‘चर्चा’ निवडून. बाबा किती हळवे, त्यांनी आम्हाला कसं वाढवलं, बरंच काही. खाली लोक धीर देत राहिले. शोधायला कुणी उठेना.

काकाजींचा फोन आला. “पोरी, हे वाचून लोकं रडतीन, शोधाले नाई जातीन. शर्ट कोणता होता?”

निळा, चौकड्यांचा. शर्ट, चप्पल, फोटो, माझा नंबर, एवढं ठेवून त्यांनी बाकी सगळं खोडलं आणि त्याची तातडीची सूचना केली. चर्चा उघडेल त्यालाच दिसते, सूचना सगळ्यांच्या फोनवर वाजते. पाऊण तासात तिवशाच्या एका दुकानदाराने कळवलं, मास्तर इथं स्टँडवर बसले आहेत, त्यांना चहा दिलाय. मी होते तिथेच फरशीवर बसले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात काकाजी मुलाकडे अकोल्याला कायमचे गेले. मंच माझ्या गळ्यात पडला. निरोपाच्या दोन ओळी त्यांनी टाकल्या, त्याही सूचना म्हणून. सूचनेखाली कुणाला उत्तर लिहिता येत नाही. म्हातारा बेरकी, लोकांचं प्रेम अंगावर घ्यायला नको. मी ती सरळ चर्चेत हलवली आणि पहिलं उत्तर लिहिलं, ‘काकाजी, बाबा घरी आहेत.’ संध्याकाळपर्यंत खाली रीघ लागली.

त्यांचा फोन आलाच. प्रकार कोणी बदलला, म्हणाले. मी बदलला, म्हटलं. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, “मास्तर जेवले का?”