तिसऱ्या मजल्यावरची मी

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "खरं सांगा, तुम्ही तिथं राहायला गेला होतात का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. आम्ही सांगलीच्या ग्राहक आयोगात बिल्डरविरुद्ध तक्रार केली होती. कराडजवळ फ्लॅट बुक केला, तो मिळाला नाही, आमचे पैसे व्याजासकट परत द्या, एवढीच. त्यावर बिल्डरचं लेखी म्हणणं त्या दिवशी आलं होतं. त्यात लिहिलं होतं, की तक्रारदार बाईंनी दीड वर्षापूर्वीच फ्लॅटचा ताबा घेतलेला आहे, त्या तिथं सुखानं राहत आहेत, आणि आता घर नकोसं झालं म्हणून खोटी तक्रार करत आहेत.

"मी तर रोज शाळेत जाते," मी म्हणाले. "इथं, सांगलीत. हजेरीपत्रक आणून दाखवते."

"मग हे बघा," म्हणत त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवले.

ताबा पावती होती, खाली माझी सही. विजेचं बिल होतं, माझ्या नावाचं. बिल्डरनं त्या पत्त्यावर मला पाठवलेल्या तीन रजिस्टर पत्रांच्या पोच पावत्या होत्या आणि तिन्हींवर पुन्हा माझी सही. शेवटी रंगीत फोटो. पॉलिश केलेला दरवाजा, त्यावर आमच्या आडनावाची पितळी पाटी. मोरांचं चित्र असलेला निळा पडदा. आणि गॅलरीत पाठमोरी उभी असलेली, कपडे वाळत घालणारी एक बाई. माझ्याच चणीची. अंबाडा मानेवर, जरा डावीकडं झुकलेला, जसा माझा असतो. अंगावर हिरवी साडी, लाल काठाची. तीच साडी मी आदल्या रविवारी नेसले होते.

माझे यजमान सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सहसा कशानं बिचकत नाहीत. त्यांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ही तूच हायस की गं," ते म्हणाले. हसायला गेले, पण हसू काही आलं नाही.

आम्ही सांगलीत भाड्यानं राहायचो, तळमजल्यावर. कृष्णेचं पाणी दोनदा घरात आलं. दुसऱ्या वेळी माझ्या लग्नातली लाकडी पेटी फुगून फुटली, मुलीची सगळी प्रमाणपत्रं लगदा झाली. चिखल काढताना यजमान म्हणाले होते, "आता जमिनीवर राह्यचं न्हाई. वर राह्यचं." ते मूळचे कुंडलचे, मी वाईची, मुलगी तेव्हा कराडला इंजिनिअरिंगला. म्हणून कराड. तिसरा मजला मुद्दाम मागून घेतला होता. चौथा स्लॅब पडेपर्यंत काम झपाट्यानं झालं, मग थांबलं. आधी वाळू मिळत नव्हती, मग कामगार, मग परवानगी. पुढं बिल्डर फोन उचलेनासा झाला. अडीच वर्षं आम्ही वाट पाहिली आणि नाद सोडला.

त्या आठवड्यात माझं मन कशात लागेना. वर्गात फळ्यावर लिहिताना मी मधेच थांबून स्वतःच्या अक्षराकडं पाहायचे. ताबा पावतीवरच्या सहीत 'ण'ची शेपटी लांब ओढलेली होती, थेट माझ्यासारखी. ती सही मी केलेली नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी रात्री झोपताना मनात यायचं, की समजा केली असेल तर? त्यातच कराडला माहेर असलेली एक सहशिक्षिका डबा खाताना सहज म्हणाली, "नव्या घरी गेलात, आणि बोलला नाहीत. आमच्या भावानं तुमच्या दारावरची पाटी बघितली." मी डबा तसाच बंद केला.

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं कराडला गेलो. स्टँडवरून रिक्षा केली. शहर संपलं, ऊस सुरू झाला आणि उसाच्या मधोमध ती करडी इमारत दिसली. बारा वाजले असतील. लख्ख ऊन होतं. आवारात कुणी नव्हतं. सिमेंटचा मिक्सर गंजून उभा होता आणि त्याच्या तोंडातून गवत आलं होतं.

जिन्याला कठडा नव्हता. पहिल्या मजल्यावर चौकटी होत्या, दारं नव्हती. दुसऱ्यावर चौकटीही नव्हत्या. फरशी न बसवलेल्या खोल्यांत पावसाचं पाणी साचून हिरवं झालेलं, त्यावर पारव्यांची पिसं. आमच्या पावलांचा आवाज वरच्या मजल्यावरून परत यायचा, जरा उशिरा, जणू वर कुणी आमच्यासारखंच चालतंय. मी यजमानांची बाही धरली. त्यांनी ती सोडवून घेतली नाही.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आला.

समोर दरवाजा. पॉलिश केलेला, फोटोतल्यासारखा. उंबऱ्यापुढं ताजी रांगोळी. आमच्या आडनावाची पाटी घासूनपुसून चकचकीत. आजूबाजूला नुसत्या उघड्या विटा आणि मधेच ते एक घर. यजमानांनी बेल दाबली. बेल वाजली, आणि ती वाजली याचंच मला भय वाटलं.

दार उघडलं. माझ्याच वयाची बाई, कपाळावर मोठं कुंकू. चेहरा माझ्यासारखा नव्हता. मला एकदम हायसं वाटलं.

"कोन पायजे?"

यजमानांनी माझं नाव घेतलं. "त्या हायत का?"

"मीच की," ती म्हणाली. आणि मग एका दमात तिनं माझं नाव, यजमानांचं नाव, आडनाव सांगितलं. पाठ केलेलं असावं तसं. "मालक मिलिटरीत हायत. सुट्टीला येत्यात. आमी हितं दीड वरीस राह्यलोय. काय बी तरास न्हाई."

मालक तिच्यापुढं दोन हातांवर उभे होते.

तिनं आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. बाहेरची खोली रंगवलेली, निळा पडदा, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. पलीकडं ओटा, गॅस, चार भांडी. आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि त्याच्या फटीतून वारा शिट्टी घातल्यासारखा येत होता. नकाशावर ती आमची झोपायची खोली. मी उठून कडीला हात घातला.

"तिकडं जाऊ नगा," ती घाईनं म्हणाली. "तिकडं अजून घर झाल्यालं न्हाई."

मी दार उघडलं. समोर भिंतच नव्हती. चार पावलं सिमेंट, मग गजांची टोकं, आणि त्यापुढं आभाळ. खाली खूप खोल उसाचे तुरे हलत होते. वाऱ्यानं माझा पदर पुढं ओढला. यजमानांनी मला दंडाला धरून मागं घेतलं, दार लावलं आणि मग कितीतरी वेळ तो दंड सोडला नाही.

मी खाली बसले. "बाई," मी म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते नाव माझं आहे. हे माझे यजमान."

ती घाबरली नाही. ती जे म्हणाली ते मला अजून ऐकू येतं. "मग तुमी कवा येनार राह्यला?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. ती जतकडची. नवरा इथं सेंट्रिंगच्या कामावर होता. काम थांबल्यावर दुसरीकडं काम बघून येतो म्हणून गेला, तो परतला नाही. साइटवरच्या सुपरवायझरनं तिला सांगितलं, इथं राहा, भाडं नको, वर किराणा देतो. फक्त कुणी विचारलं तर हे नाव सांगायचं, आणि पोस्टमन आला की सही करायची. सही शिकवायला त्यानं तिला वही आणून दिली होती. तिनं ती दाखवली. पानन्‌पान माझी सही. सुरुवातीची वेडीवाकडी, मग सरळ, आणि शेवटच्या पानांवर तर माझ्याहून सुबक.

"शाळंत न्हाई गेली मी," ती म्हणाली. "मला लिवाय येतंय ते एवढंच."

साडीचंही कळलं. भूमिपूजनाला बिल्डरनं बुकिंग केलेल्या सगळ्या बायकांना एकसारखी साडी दिली होती. उरलेल्यांपैकी एक तिला मिळाली होती.

तिनं पिशवीतून पत्रं काढून दिली. माझ्या नावाची, न फोडलेली. "तुमची हायत. मी उगडली न्हाईत," ती म्हणाली. तिनं अपराध्यासारखं तोंड केलं नव्हतं. कुणाचं तरी घर सांभाळलं आणि आता हिशेबानं परत दिलं, असा तिचा भाव होता.

यजमानांनी मोबाइलवर त्या भिंत नसलेल्या खोलीचे फोटो काढले. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "फोटो आहेत, इमारतीला पूर्णत्वाचा दाखला नाही हेही आहे. पण त्या बाईचं शपथपत्र मिळालं तर सोनं होईल."

मला ते मागायची लाज वाटत होती. आमचं भलं झालं की तिचं छप्पर जाणार हे उघड होतं. यजमानांनीच स्पष्ट विचारलं, "बाई, खरं सांगितलंसा तर हितं राहता येनार न्हाई. आमच्याबरं सांगलीला येता का? माझ्या ओळखीत मुलींचं वसतिगृह हाय, मेसला बाई पायजे त्यास्नी. राह्यला खोली हाय."

तिनं पडद्याची कड सारखी केली. "हितं लय आवाज येत्यात," ती म्हणाली. "दुपारचं खालच्या मजल्यावर कोनतरी घर झाडतंय असं वाटतं. खाली जाऊन बघितलं तर कोन बी नसतंय." आणि तिनं पिशवी भरायला घेतली. मावलं तेवढं घेतलं, भांडी नंतर नेऊ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नोटरीच्या टेबलापुढं कारकुनानं तिला नाव विचारलं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. कारकुनानं पुन्हा विचारलं. ती माझ्याकडं पाहू लागली, जणू मी सांगीन. दीड वर्षात तिला तिच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिनं फार हळू, एकेक अक्षर चाचपत, आपलं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. सहीच्या जागी तिनं अंगठा उठवला.

भांडी आणायला आम्ही तिघं चार दिवसांनी परत गेलो. दुपारच होती. तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आधीच कुकरची शिट्टी ऐकू आली. जतच्या बाई जिन्यात थांबल्या, पुढं यायला तयार होईनात.

दारावर पाटी होती, पण वेगळ्या आडनावाची. यजमानांनी बेल दाबली. दार उघडलं ते एका तरुण मुलीनं. हिरवी साडी, लाल काठ.

"कोन पायजे?" ती म्हणाली. आणि आम्ही काही बोलायच्या आत सांगू लागली, "मालक फलटनला असत्यात. आमी हितं वरीसभर राह्यलोय. काय बी तरास न्हाई."

तिच्यामागं आतल्या खोलीचं दार वाऱ्यानं आपोआप उघडलं होतं. तिच्या डोक्यावरून मला सरळ आभाळ दिसत होतं. यजमानांनी मोबाइल काढून पाटीचा, पडद्याचा आणि त्या दाराचा फोटो घेतला. मुलीनं दार लावून घेतलं. भांडी मागायचं आमच्या लक्षातही राहिलं नाही.

बुकिंग केलेल्यांचा व्हॉट्सअॅप गट होता. पाटीवरचं आडनाव त्यात टाकलं तर तासाभरात फलटणहून फोन आला. साखर कारखान्यात नोकरी केलेले एक गृहस्थ होते, त्यांची तक्रार साताऱ्याच्या आयोगात चालू होती. त्यांच्या वकिलाच्या हातात नुकतंच बिल्डरचं म्हणणं पडलं होतं. तेही म्हणे वर्षभर तिथं सुखानं राहत होते. त्यांनी फोटो पाठवले. तोच दरवाजा, त्याच दोन खुर्च्या, तोच मोरांचा पडदा. मोराच्या मानेवर तेलाचा डाग होता. तो आमच्या फोटोतही तिथंच होता.

वकीलबाईंनी दोन्ही प्रकरणांतले फोटो शेजारी शेजारी लावून आयोगापुढं ठेवले. तारखेच्या दिवशी शिपायानं बाहेर येऊन माझ्या नावाचा पुकारा केला, तर जतच्या बाई माझ्याआधी उभ्या राहिल्या. लक्षात आल्यावर खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. मी त्यांना हात धरून आत नेलं.

अध्यक्षांनी फोटो पाहिले. बिल्डरच्या वकिलांना विचारलं, "एका वेळी दोन कुटुंबं एकाच पडद्यामागं कशी राहतात, सांगता का?" त्यांनी पुढची तारीख मागितली. ती त्यांना मिळाली. निकाल आमच्या बाजूनं लागला; खोट्या सह्यांबद्दल पोलिसांत वेगळी तक्रार झाली. पैसे लगेच आले नाहीत. वसुलीचा अर्ज करावा लागला, मग हप्त्याहप्त्यानं आले. फलटणच्या गृहस्थांना साताऱ्यात आमच्यानंतर सात-आठ महिन्यांनी न्याय मिळाला.

त्या तरुण मुलीचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. पोलीस गेले तेव्हा घराला कुलूप होतं. फलटणच्या गृहस्थांना मी विचारलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. ती कुठल्या गावची, तिचं खरं नाव काय, हे आम्ही तिला विचारलंच नव्हतं, याची मला आजही टोचणी आहे.

आम्ही सांगलीतच एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. व्यवहाराआधी यजमानांनी प्रत्येक खोलीत जाऊन भिंतींवर बुक्क्या मारून पाहिल्या. घरमालक हसले, आम्ही हसलो नाही. जतच्या बाई वसतिगृहात टिकल्या. मुलींना त्यांच्या हातची आमटी आवडते. रविवारी दुपारी त्या माझ्याकडं येतात आणि आम्ही पाटीवर बाराखडी गिरवतो. आत्ता कुठं 'प'पर्यंत पोचलो आहोत. घाई नाही.