चौदा दिवसांच्या गोळ्या आणि एक जाळं

दुर्बिणीच्या खोलीत किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साचतात! पोटात नळी घालायची म्हटलं, की माणूस आधी पोटातलं सगळं बोलून मोकळा होतो. गोंदियाच्या एका दवाखान्यात मी टेक्निशियन. पेशंटचं डोकं धरायचं आणि ऐकायचं. सगळ्यात जास्त ऐकवलं ते नवेगाव बांधच्या श्यामरावांनी. तळ्यावर मासे धरणारा माणूस.

*

त्यांच्या जठरात लिम्फोमा निघाला. कॅन्सरच! आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पोटातल्या एका जंतूमुळे ही गाठ वाढलीय. जंतू मेला की बहुतेकांची अशी गाठ विरघळते. चौदा दिवस गोळ्या घ्या."

रडवेले श्यामराव एकदम भडकले. "कॅन्सरवाला माणूस गोळ्या घेऊन बसनं घरी जाते का जी? गावात काय तोंड दाखवू? एक सलाईन तरी लावा!"

*

गोळ्या चालू असेपर्यंत दारू बंद, असं मॅडमनी बजावलं होतं. चौदाव्या दिवशी श्यामरावांच्या बायकोचा, सुशीलाबाईंचा फोन.

"मॅडम, गोळ्या लय बढिया हायेत. सालभर चालू ठेवता येतीन का?"

*

श्यामरावांचा मात्र गोळ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. आता मरायचंच, म्हणून त्यांनी आपलं जाळं मेहुण्याला, देवाजीला देऊन टाकलं. गावासमोर, डोळे पुसत! दोन-तीन महिन्यांत दुखणं थांबलं, भूक लागली. मग काठावर बसून देवाजीची मासेमारी बघत राहायचे. मला म्हणाले, "हातच रिकामे झाले जी." खरंच वाईट वाटलं मला.

जाळं परत मागितलं तर देवाजी म्हणे, "कॅन्सर कुठं गोळीनं जाते? मी सोताच्या डोळ्यानं पाहीन, मंगच देईन."

*

पुढच्या तपासणीला देवाजी आलाच. मॅडमनी त्याला स्क्रीनसमोर उभं केलं. श्यामरावांच्या पोटात नळी फिरली. सगळं गुलाबी, साफ!

"तुकडा तपासायला पाठवते," मॅडम म्हणाल्या, "पण गाठ कुठं दिसत नाही."

श्यामरावांनी माझा हात घट्ट दाबला. देवाजीनं स्क्रीनजवळ जाऊन विचारलं,

"मॅडम, हे परत येऊ शकते का जी?"

"क्वचित येते. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करू."

"मंग सहा महिने जाळं माह्याजवळच राहू द्या. घाई कायले?"

आणि श्यामरावांच्या तोंडात अजून नळी होती!